तिकीट एकाचे, कार्ड दुसऱ्याचे

आक्षेपक : विमानाचे तिकीट ज्या क्रेडिट कार्डावर घेतले ते कार्ड प्रवाशाने विमानतळावर दाखवावे, आणि कार्डाचा धनी स्वतः प्रवासाला निघणार नसेल तर त्याने आगाऊ कंपनीच्या कचेरीत जाऊन खातरजमा करून द्यावी, एरवी प्रवाशाला विमानात घेतले जाणार नाही, असा जो दंडक कित्येक परदेशी विमान कंपन्या चालवतात, तो मला मुळातच अन्यायाचा वाटतो. प्रवासाचे पैसे प्रवासी स्वतः भरतो, हे त्यामागचे गृहीतच आपल्या पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यापुरते तरी खोटे आहे. हा सगळा मुलूख बाहेरून आलेल्या माणसांनी वसवला आणि आता त्यांची मुले बाहेर गेली. तेव्हा पैसे एकाने भरावेत आणि प्रवास दुसऱ्याने करावा, ही येथली रीतच होऊन बसली आहे. निगडी प्राधिकरणात राहणाऱ्या वृद्ध आईचे तिकीट डेट्रॉइटला मोटारींच्या धंद्यात असलेला मुलगा काढतो. भोसरीच्या एमआयडीसीतला लहानसा कारखानदार आपण बनवलेले यंत्र परदेशी गिऱ्हाईकाकडे बसवून द्यायला आपल्या फिटरला पाठवतो, तेव्हा कार्ड त्या कारखानदाराच्या नावाचे असते आणि पासपोर्ट फिटरच्या नावाचा. या दोघांनी कोणता गुन्हा केला म्हणून त्यांना परक्याच्या कार्डाचा जाब विचारावा?

समर्थक : गुन्हा त्यांनी केलेला नाही, हे मी प्रथमच मान्य करतो. परंतु आपण ज्या दोन माणसांची नावे घेतलीत त्यांच्याखेरीज या व्यवहारात एक तिसरा मनुष्य आहे आणि तो आपल्या बोलण्यात कोठेच आला नाही. ज्याच्या कार्डाचा क्रमांक चोरीला गेला आहे आणि ज्याला त्याचा पत्ताही नाही, असा कोठल्या तरी शहरातला कोणी गृहस्थ, हा तो तिसरा मनुष्य. चोरलेल्या क्रमांकावर दूरचित्रवाणी संच मागवला तर तो कोणत्या तरी पत्त्यावर पोचवावा लागतो आणि त्या पत्त्यावर पोलीस जाऊ शकतात; विमानाच्या तिकिटाला पत्ता लागत नाही, ते क्षणात हाती येते, दुसऱ्या दिवशी वापरून संपते आणि निम्म्या किमतीला रोखीने विकताही येते. म्हणून चोरांना ही वस्तू फार सोयीची. युरोपातल्या पोलिसांच्या युरोपोल या संस्थेने विमान कंपन्या आणि कार्ड कंपन्या यांना हाताशी धरून नोव्हेंबर २०१४ मध्ये ऐंशीहून अधिक विमानतळांवर एकाच वेळी जी मोहीम केली तीत ११८ माणसे पकडली गेली, आणि तेव्हापासून अशा मोहिमा पुन्हापुन्हा कराव्या लागल्या आहेत. हा धंदा काल्पनिक असता तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

आक्षेपक : धंदा काल्पनिक आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच्यावरचा इलाज आपल्या देशाने केव्हाच केलेला आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरच्या प्रत्येक कार्ड-व्यवहाराला दुसरा पुरावा सक्तीचा केला. कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज संकेतशब्द किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी दिल्यावाचून पैसे सुटत नाहीत. भोसरीच्या कारखानदाराने तो ओटीपी आपल्या हाताने भरला, बँकेने तो पडताळून रक्कम मंजूर केली, कंपनीच्या खात्यावर ती जमाही झाली. यानंतर काही दिवसांनी त्याच्या फिटरला विमानतळावर अडवून ‘कार्ड कोठे आहे’ असे विचारणे म्हणजे एकदा मंजूर झालेल्या दस्तऐवजाची पुन्हा रुजुवात मागण्यासारखे आहे.

समर्थक : येथे आपला रोख बरोबर आहे, पण नेम किंचित चुकतो. बँकेने ओटीपी पडताळला की त्या व्यवहाराची जोखीम सामान्यतः विक्रेत्याच्या अंगावरून उतरून कार्ड देणाऱ्या बँकेच्या अंगावर जाते, आणि म्हणूनच भारतीय कार्डावर भारतीय कंपनीचे तिकीट काढले असता कार्ड दाखवण्याची गोष्ट सहसा निघत नाही. पुण्याहून नागपूरला किंवा पाटण्याला जाणाऱ्याला हा जाच ठाऊकच नसतो. मात्र रिझर्व्ह बँकेचा हुकूम देशाबाहेरच्या विक्रेत्यावर चालत नाही. परदेशी कंपनीच्या परदेशी खात्यात पैसे जातात तेव्हा पुष्कळदा ओटीपी मागितलाच जात नाही, आणि ही फट ध्यानात आल्यामुळेच सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना असे फर्मावले की, परदेशी विक्रेत्याने मागणी केल्यास असा पुरावा पडताळण्याची व्यवस्था त्यांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिद्ध ठेवावी. निगडीच्या आईची गोष्ट तर त्याहून निराळी. तिच्या मुलाचे कार्ड अमेरिकेतले. तेथे अशा दुसऱ्या पुराव्याची कायद्याने सक्ती नाही. उलट कार्डाचा कोणी गैरवापर केला तर कार्डधारकाची जबाबदारी फार तर ५० डॉलर, आणि बाकीचा बोजा बँकेवर, व बँकेकडून बहुधा विक्रेत्यावर. म्हणजे ही बाई अडते ती मुलाने पैसे भरले म्हणून अडत नाही, तर ते कोणी भरले हे ठरवण्याचे साधन कंपनीपाशी नाही म्हणून.

आक्षेपक : तसे असेल तर आपला नियम ‘प्रवासी आणि कार्डधारक वेगळे’ एवढ्यावरच संशय का घेतो? आपल्या कायद्याने हा संशय कधीच घेतलेला नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या दुसऱ्या कलमात मोबदल्याची व्याख्या करताना तो वचन घेणाऱ्याने ‘किंवा अन्य कोणी’ दिला तरी चालेल, असे स्पष्ट म्हटले आहे. इंग्लंडच्या कायद्याला ही मोकळीक मान्य नव्हती. आपल्याकडे ती पहिल्यापासून आहे आणि ती आपल्या जगण्याच्या रीतीशी जुळणारी आहे. १८८० पासून टपालखात्याने चालवलेली मनीऑर्डर पाहा. गिरणगावातला कामगार कोकणातल्या घरी पैसे पाठवी, त्या पैशांतून कोणाचे मोटारीचे भाडे भरले जाई, कोणाची फी भरली जाई. पैसे कोणाचे आणि उपभोग कोणाचा, असा सवाल त्या व्यवहारात कोणी केला नाही. २८ मे २०२० रोजी बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मुंबईत अडकलेल्या सुमारे पावणेदोनशे कामगारांना विमानाने रांचीला पोचवले. पैसे भरणाऱ्यांनी प्रवाशांना कधी पाहिलेही नव्हते. दुसऱ्यासाठी तिकीट काढणे ही संशयाची खूण मानली, तर आपल्या समाजातली पुष्कळशी सत्कृत्ये संशयास्पद ठरतील.

समर्थक : मनीऑर्डरचा दाखला आपण दिलात हे बरे झाले, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. मनीऑर्डर करणारा टपालकचेरीच्या खिडकीशी उभा राहून रोख नाणे मोजून देई. ते पैसे उद्या परत मागितले जातील ही भीती खात्याला नव्हती. धोका होता तो पलीकडच्या टोकाला, पैसे भलत्याच माणसाच्या हाती पडण्याचा. म्हणून पोस्टमन घेणाऱ्याची सही घेई, निरक्षर असेल तर साक्षीदारासमोर अंगठा घेई आणि पोहोच पावती पाठवणाऱ्याकडे परत जाई. जेथे धोका तेथे पडताळणी, हेच ते तत्त्व. कार्डाच्या व्यवहारात धोका उलट टोकाला गेला आहे. घेणारा कोण हे पासपोर्टावरून चोख कळते. देणारा कोण हे कळत नाही, आणि त्याने दिलेले पैसे चार-चार महिन्यांनी, प्रवास होऊन गेल्यावर, बँकेच्या मार्फत परत ओढून घेतले जाऊ शकतात. रांचीच्या विमानाची गोष्ट तर आणखी वेगळी. ती वर्गणी जाहीर होती, कंपनीशी आधी बोलणी झालेली होती, देणारे कोण हे साऱ्यांना ठाऊक होते. करार कायद्यातला ‘अन्य कोणी’ पैसे देणारा खुशाल असावा. पण दिलेले पैसे त्याचेच असले पाहिजेत, एवढे तर तो कायदा लिहिणारांनीही गृहीत धरले असेल.

आक्षेपक : जेथे धोका तेथे पडताळणी, हे तत्त्व मी आनंदाने स्वीकारतो आणि आपल्याला त्याच्याशीच बांधून घेतो. धोका देणाऱ्याच्या टोकाला आहे ना? मग देणाऱ्याला विचारा, आणि तो देत असताना विचारा. प्रत्यक्षात विचारले जाते कोणाला? मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर दोन वाजता, निगडीहून द्रुतगती मार्गाने तीन तास बसून आलेल्या बाईला, जिने ते कार्ड जन्मात पाहिलेले नाही. तिच्या हाती असते मुलाने पाठवलेली कार्डाची छापील प्रत. कंपनीच्याच सूचनेप्रमाणे तिच्यावर पहिले सहा आणि शेवटचे चार अंक तेवढे उघडे ठेवलेले असतात, मधले अंक कागदाची पट्टी लावून झाकलेले असतात, पाठीमागचा तीन आकडी संकेत काळ्या शाईने पुसलेला असतो. आता या प्रतीचे प्रमाणमूल्य काय, ते आपण सांगा. पहिल्या अंकांवरून फक्त कार्ड कोणत्या बँकेचे ते समजते. शेवटचा अंक हा आधीच्या अंकांचा गणिती ताळा, आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटासाठी मांडलेल्या युक्तीने काढलेला. क्रमांक लिहिण्यात चूक झाली नाही एवढेच तो सांगतो, मालक कोण ते सांगत नाही. खाली मुलाची सही असते, पण खिडकीवरच्या कारकुनापाशी ताडून पाहायला नमुन्याची सही नसते. ज्याला क्रमांक चोरता येतो त्याला अशी प्रत तयार करता येणार नाही काय?

समर्थक : आज येते, हे खरे. हा नियम ज्या काळात जन्मला त्या काळात चोर क्रमांक चोरीत, प्लास्टिकचे कार्ड चोरीत नसत. म्हणून कार्ड प्रत्यक्ष हाताळायला मागणे ही साधी, स्वस्त आणि परिणामकारक कसोटी होती. कारकुनाने कार्ड उलटून पाहिले, शेवटचे चार अंक आपल्या पडद्यावरच्या अंकांशी जुळवले, की पुष्कळसे चोर तेथेच गळत. छापील प्रत ही त्या कसोटीची क्षीण झालेली सावली आहे, हे मी नाकारत नाही.

आक्षेपक : आणि मूळ कसोटी तरी आता कोठे उरली? जानेवारीत तिकीट काढले, एप्रिलमध्ये कार्डाची मुदत संपून नवे आले किंवा जुने हरवले म्हणून बँकेने बदलून दिले, तर मे महिन्यात दाखवायचे काय? जुने कार्ड कात्रीने कापून टाका असे बँकच सांगते. कित्येक नव्या कार्डांवर क्रमांक छापलेलाच नसतो. आपल्या देशात तर १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याने कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवायलाच मनाई आहे, त्याच्या जागी टोकन वापरायचे. एक नियामक म्हणतो की क्रमांक कोणापाशी राहू नये, आणि दुसरीकडे विमान कंपनी म्हणते की तोच क्रमांक कागदावर छापून प्रवाशाच्या पिशवीत घालून पाठवा. चाकणचा माणूस यांतल्या कोणाचे ऐकणार? कंपनीच्या कचेरीत जाऊन खातरजमा करा म्हणावे, तर तसली कचेरी बहुधा मुंबईला. चाकण-राजगुरुनगर भागात विमानतळ होणार, म्हणून आमच्याकडच्या लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. २०१६ मध्ये तो पुरंदरकडे गेला. तेव्हापासून लोहगाव काय आणि मुंबई काय, तळेगाव चौकातल्या कोंडीतून सुटल्याखेरीज आम्हाला कोणतेच विमान दिसत नाही. यंत्र बंद पडून परदेशी गिऱ्हाईक दर तासाला तगादा लावत असताना कारखानदाराने सबंध दिवस मोडून कार्ड दाखवायला मुंबईला जावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही.

समर्थक : कसोटी जुनी झाली, तिची तसदी भलत्यावर पडते, या दोन्ही गोष्टी मी मान्य केल्या असे समजा. तरीही एक अडचण राहते, आणि ती मला आपल्यासमोर स्वच्छ मांडली पाहिजे. स्वस्तात तिकीट मिळवून देतो म्हणणारा एखादा दलाल चाकणच्या कामगाराकडून रोख पैसे घेतो आणि चोरीच्या क्रमांकावर त्याचे तिकीट काढतो. कामगार पूर्ण निर्दोष. त्याने आपल्या घामाचे पैसे मोजलेले, तिकिटावर त्याचेच नाव, पासपोर्ट खरा. खिडकीवरच्या कारकुनाला हा कामगार आणि आपला भोसरीचा फिटर यांच्यात काय फरक दिसणार? दोघांच्याही कार्डावर परक्याचे नाव, दोघांनाही ते कार्ड ठाऊक नाही, दोघेही खरे बोलत आहेत. एकाला जाऊ दिले तर कोणा अनोळखी गृहस्थाची लूट पुरी होते. दुसऱ्याला अडवले तर आपल्या कारखानदाराचे गिऱ्हाईक जाते. माणसाचा चेहरा पाहून, त्याचा पेहराव पाहून हा फरक करायला कारकुनाला मुभा दिली, तर अडवले कोण जाईल हे आपणही जाणता आणि मीही जाणतो. रुक्ष असला तरी सर्वांना सारखा लागू होणारा नियम मला त्यापेक्षा बरा वाटतो.

आक्षेपक : आपल्या या बोलण्याने माझी तक्रार मला स्वतःलाच अधिक स्पष्ट झाली. आपण ज्या अनोळखी गृहस्थाची बाजू घेता, त्याच्या पाठीशी कायदा भक्कम उभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले आहे की, बाहेरच्या कोणी फसवले आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याची जबाबदारी शून्य, दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा, आणि ग्राहकाचा कसूर होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. अमेरिकेतली व्यवस्था आपणच सांगितलीत. म्हणजे लुटल्या गेलेल्या गृहस्थाला मनस्ताप होतो, पण पैसे परत मिळतात. आता अडवलेल्या प्रवाशाचे पाहा. तिकीट रद्द झाले तर आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत त्याच कार्डाच्या खात्यावर परत जायचे. म्हणजे प्रवाशाच्या हाती काही येत नाही, ते जाते डेट्रॉइटला किंवा भोसरीला. खिडकीशी उभ्या असलेल्या बाईने त्याच रात्रीच्या चढ्या दराने नवे तिकीट काढायचे, नाहीतर घरी परतायचे. आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकून कोणाला मागे ठेवले तर त्याची भरपाई कंपनीने द्यावी असा नियम आपल्याकडे २०१० पासून आहे. पण कार्ड न दाखवल्याबद्दल मागे ठेवलेला प्रवासी त्यात सहजासहजी बसत नाही, कारण अट पाळली गेली नाही असे कंपनी म्हणणार. बँक, विमान कंपनी, कार्डधारक आणि चोर या चौघांच्या तंट्यातला सगळा तोटा जो तंट्यात पक्षकारच नाही त्याच्या माथी येतो. माझे एवढेच म्हणणे की, तिकीट काढल्यापासून अमुक दिवसांच्या आत कंपनीने पैसे भरणाऱ्याशी संपर्क साधून आपला संशय फेडून घ्यावा. ती मुदत टळली की प्रवाशाला अडवण्याचा तिचा हक्क संपला, पुढची वसुली तिने पैसे भरणाऱ्याकडून करावी.

समर्थक : मुदतीची कल्पना मला आवडते, परंतु तिच्यात चोराला दिलेले अभयही आहे. कार्डधारकाला चोरी कळते ती महिन्याचा हिशेब हाती आल्यावर. आपली मुदत आठवड्याची ठेवली तर चोर दहा दिवसांपुढचीच तिकिटे काढतील, महिन्याची ठेवली तर आपल्या फिटरला तिचा काही उपयोग नाही, कारण तो चार दिवसांच्या बोलावण्यावर निघतो. मी दुसरी तजवीज सुचवतो. आपल्या रेल्वेत एकाच्या नावचे तिकीट दुसऱ्याला चालत नाही, पण आई-वडील, भावंडे, मुले आणि पती-पत्नी यांच्यात ते चोवीस तास आधी अर्ज करून बदलता येते; लग्नाच्या वऱ्हाडालाही अशी सवलत आहे. नाते हा तेथे पुरावा मानला आहे. विमान कंपन्यांनीही तो का मानू नये? भारतीय पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची आणि जोडीदाराची नावे छापलेली असतात. डेट्रॉइटच्या मुलाने तिकीट काढतानाच आपल्या पासपोर्टाच्या त्या पानाची प्रत दिली, तर पैसे कोणी भरले आणि का भरले, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा सरकारी दस्तऐवजाने होतो. निगडीची बाई मोकळी झाली.

आक्षेपक : मुलाने अजून भारतीय पासपोर्ट राखला असेल तर मोकळी झाली, आणि त्याबद्दल मी आपला आभारी आहे. पण भोसरीचा फिटर राहिला. त्याचे आणि मालकाचे नाते कोणत्या पानावर छापलेले आहे? मोठ्या कारखान्यात ओळखपत्र असते, नेमणुकीचे पत्र असते, प्रवासाची व्यवस्था पाहणारे स्वतंत्र खाते असते. त्यांच्या कंपनीच्या कार्डाला हे विघ्न फारसे भोवतही नाही. आमच्या पट्ट्यात मात्र हजारो माणसे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर काम करतात, ज्या दरवाजातून रोज आत जातात त्या कारखान्याचे नाव त्यांच्या कोणत्याही कागदावर नसते. नात्याचा पुरावा मान्य करून आपण ज्यांच्यापाशी कागद आहेत त्यांना सोडवलेत.

समर्थक : मग त्यांच्यासाठी मालकाने लेखी हमी द्यावी, आणि पुढे तक्रार निघाली तर ती रक्कम मालकाकडून वसूल व्हावी. पूर्वी जामीन राहणारा माणूस हेच करी.

आक्षेपक : भोसरीचा कारखानदार ती हमी देईल, कारण फिटर त्याचा आहे आणि यंत्रही त्याचे आहे. परंतु आपणच उभा केलेला तो दुसरा कामगार, ज्याने दलालाला रोख पैसे दिले, त्याला जामीन कोण राहणार? हमी नसेल त्याला अडवा, असे आपण म्हणालात तर अखेरीस तोच एक खिडकीशी उरतो, दोनदा लुटला गेलेला. आणि त्यालाही जाऊ द्या म्हणालात, तर आपल्या साऱ्या नियमाचे प्रयोजन काय, ते आपल्याला मला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागेल.

समर्थक : त्याला अडवावे लागेल, असेच माझे मत अजून आहे. पण त्याने दलालाला दिलेले पैसे त्याला कोणी परत द्यावेत, याचे उत्तर माझ्या नियमात नाही, आणि ते त्यात असायला हवे होते.

आक्षेपक : आणि माझ्या मुदतीच्या नियमाने तो विमानात बसतो खरा, पण त्याच्या आसनाचे पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याला, चोरी उघड होईपर्यंत, मी काय सांगावे, हे मलाही ठरवता आलेले नाही.